खुणेला नाव

इंदूरला नानांकडे उतरणाऱ्याला पहिल्या दिवशी पोहे-जिलबी मिळते आणि दुसऱ्या दिवशी तिची वसुली होते. "चला, बाघला जाऊ," म्हणत नाना गाडी काढतात. पाहुणा बापडा लेण्यांच्या आशेने कॅमेरा घेतो. लेणी नाना बाहेरूनच दाखवतात. "आत काय बघायचंय? चित्रं कधीच ग्वाल्हेरला हलवली!" आणि मग ऐन उन्हात पाहुण्याला गाठीगाठींच्या चुनखडकापुढे उकिडवं बसवलं जातं.

"हे बघा!"

पाहुण्याला मळकट दगडात फाटे फुटलेली जाडसर वळी दिसतात. नानांना समुद्र दिसतो. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी तो पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्याच्या तळच्या मऊ चिखलात झिंग्यांच्या जातकुळीतल्या प्राण्यांनी बिळं खणली. बिळांत गाळ भरला आणि चिखलासकट त्याचा दगड झाला. नाव थॅलॅसिनॉइडिस. हे नाव नाना न अडखळता घेतात. नातजावयाचं अजून चुकतं.

"पण झिंगा कुठाय?" पाहुणा विचारतो.

नाना दुखावतात. "झिंगा काय बाजारात मिळतो! इथे त्याची वागणूक दगडात उतरलीय. एकेकाळी पंडित अशा खुणांना समुद्रशेवाळ समजत. शेवटी स्वीडनच्या नाथोर्स्टने जिवंत प्राण्यांना चिखलात चालवून पाहिलं आणि १८८१ साली सगळ्यांचे डोळे उघडले. एकच प्राणी बसल्याची, चालल्याची, खाल्ल्याची, राहिल्याची अशा चार तऱ्हेच्या खुणा सोडतो. चारींना चार नावं. खुणेवर प्राण्याचं नाव कधी लावत नाहीत. कारण तीच खूण दुसऱ्याचीही असू शकते."

पाहुण्याचे पाय तोवर बधिर झालेले असतात. नाना मात्र पुढच्या दगडाकडे सरकलेले असतात, गुडघेदुखी घरी विसरून.

संध्याकाळी परतल्यावर नानी दारातच पाहणी सुरू करतात. "पलंगावर ओला टॉवेल, फ्रिजवर चहाचा कप, फरशीवर मातीची पावलं, सोफ्याखाली धोंडे. अहो, चारही कामं एकाच प्राण्याची!"

नाना जराही ओशाळत नाहीत. "असतील. पण माझं नाव लावता येणार नाही. शास्त्राचा नियम आहे. खुणांना वेगळी नावं दे."

"दिलीयत," नानी म्हणतात. "पाहुण्यांसमोर सांगू?"