पन्हळीचे प्रकरण

(पुण्यातील एका कौलारू वाड्याचा ओटा. आषाढ. ओट्यावर मधोमध पाण्याची एक धार, जी वास्तविक तेथे पडावयास नको.)

भाडेकरू : रावसाहेब, पन्हळ तुंबली असल्याची तक्रार आपल्यापुढे गुदरण्यास आलो आहे.

घरमालक : पुरावा? वर चढून पाहणी केलीत?

भाडेकरू : पाऊस चालू असता ज्या पन्हळीचे पाणी नळातून न उतरता काठावरून सांडते, जिच्याखालच्या भिंतीवर हिरवट ओघळ उमटून चुन्याचे पोपडे सुटतात, आणि पाऊस थांबून प्रहर लोटला तरी जिच्या सांध्यांतील टिपटिप थांबत नाही, ती तुंबली आहे हे ठरविण्यास पंचनामा लागत नाही. शिवाय तिच्यात पिंपळ उगवला आहे.

घरमालक : पाहिला. सात पाने आहेत.

भाडेकरू : मग उपटला का नाहीत?

घरमालक : अश्वत्थ उपटावा? घरात लग्नकार्य व्हावयाचे आहे! मुंजाचा कोप कोणी ओढवून घ्यावा?

भाडेकरू : मुंजास बिऱ्हाड थाटता येईल एवढा तो अद्याप झालेला नाही. पण पिंपळ आला, त्याअर्थी कौलांची धूळ, चिंचेचा पाला आणि चिमण्यांच्या काड्या यांचा गाळ तेथे साठला आहे. हजार चौरस फुटांच्या छपरावर इंचभर पाऊस पडला तर सुमारे 2,360 लिटर पाणी उतरते. त्यास वाट न मिळाल्याने ते आमच्या स्वयंपाकघरात येते. काल मी जेवीत असताना पानातली आमटी कमी होण्याऐवजी वाढत होती.

घरमालक : 1947 च्या कायद्याने गोठलेल्या भाड्यात आमटी वाढते, हे काय थोडे झाले?

भाडेकरू : त्याच कायद्याने घर राहण्याजोगे राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे.

घरमालक : कलमे पाठ दिसतात. बरे, उपाय बोला.

भाडेकरू : मृगापूर्वी कौले चाळतानाच पन्हळ खरवडून घ्यावी, आणि आषाढाचा वारा पाला पाडून गेला की श्रावणात पुन्हा एकदा. नळाच्या तोंडाशी तारेची जाळी बसवावी. मात्र चिंचेचा पाला तिलाही दाद देत नाही, सबब छपरावर आलेली फांदीच छाटावी. वरच्या टोकास बादलीभर पाणी ओतून पाहावे. मध्येच डबके साचले, तर तेथे उतार बिघडला असे समजावे. आणि कृपा करून गतवर्षीसारखा वरून बांबू ढोसू नये. त्याने बोळा नळाच्या कोपरात अधिकच घट्ट बसतो.

घरमालक : मंजूर. दिवाळीनंतर गडी लावतो.

भाडेकरू : दिवाळीनंतर? मीच आत्ता चढतो. शिडी तेवढी द्या.

घरमालक : शिडी हलविता येणार नाही. गाळाच्या भाराने पट्ट्या निखळल्या, तेव्हापासून पन्हळ तिच्यावरच तोलून धरली आहे.

भाडेकरू : मग आहे तेथेच तिच्यावर चढतो.

घरमालक : अवश्य चढा. फक्त चढण्यापूर्वी चालू महिन्याचे भाडे तेवढे चुकते करून ठेवा.