बसा, शिल्पच आहे!

आपल्याकडे बागेतल्या बाकड्यावर टेकायचं म्हणजे आधी कुणाच्या तरी कैलासवासी वडिलांची परवानगी काढावी लागते. ‘यांच्या स्मरणार्थ’ या अक्षरांवर पाठ टेकताना मला उगाच चोरट्यासारखं होतं. इंग्लंडच्या उत्तरेला, कंब्रियात ईडन नदीच्या काठाने चालताना पेच पडला तो उलटा. समोर चक्क शिल्प, आणि त्यावर बसायची मुभा!

सन 2000 च्या स्वागतासाठी या नदीकाठी ठिकठिकाणी 10 पाषाणशिल्पं बसवली गेली. नाव ‘ईडन बेंचमार्क्स’. बेंच म्हणजे बाकडं, आणि बेंचमार्क म्हणजे मोजणीवाले उंचीसाठी दगडात कोरतात ती खूण. ही कोटी कुणाला सुचली देव जाणे, पण तिच्यावर बसता येतं. माझ्या कोट्यांचं तसं नाही.

उगमाकडचं पहिलं शिल्प मॅलरस्टँगच्या खोऱ्यात, चांगला दम काढणाऱ्या चढावर. मेरी बॉर्न यांचं ‘वॉटर कट’. चुनखडीचे दोन उंच खांब आणि मधे नागमोडी फट. मला आधी वाटलं, काम अर्धवट टाकून गवंडी जेवायला गेलाय. मग खाली खोऱ्यात तशीच वळणं घेत चाललेली ईडन दिसली. म्हणजे दगड नुसते निमित्त. बाईंनी घडवली होती ती फट!

“अहो, आपल्याकडे असतं तर एव्हाना शेंदूर लागला असता,” सौ. म्हणाली.

लागला असता खराच. शेजारी नारळाचं दुकान, चपलांचा स्टँड. मग बसायची छाती कुणाची?

पुढे कर्कबी स्टीफनजवळ स्टेनक्रिथला पोचलो. तिथे नदीने स्वतःच खडक कोरलाय. मला निघोजची कुकडी नदी आठवली. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगरत राहिले आणि काळ्या बेसाल्टात रांजण झाले. इथला खडक तांबडा, त्यात चुनखडीचे तुकडे, सौ.ला त्यात शेंगदाण्याची चिक्की दिसली. ना टेंडर, ना मुदत, ना फीत कापायला कुणी. हजारो वर्षं काम चालू, आणि अजून पाटी नाही.

तिथल्या शिल्पावर आम्ही डबा सोडला. थालीपिठाचं तेल दगडाला लागू नये म्हणून सौ.ने आधी रुमाल पसरला. आम्ही तसेच बसलो.