मोडेमभाऊ

मोडेमभाऊ कामाचे पैसे घेत नसे. त्याच्याविषयी जे जे सांगायचं, ते सगळं या एका गोष्टीतून निघतं; म्हणून ती आधीच सांगून टाकलेली बरी.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सामान्य माणसाला खुलं केलं, ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा महानगरांत. आदिलाबादेत त्याची हवा पोचेपर्यंत शतक संपत आलं. कुणाचा मुलगा हैदराबादेला इंजिनिअरिंगला, कुणाचा भाचा थेट अमेरिकेत. 'घरी ईमेल घ्या' असा त्यांचा तगादा. घरात कॉम्प्युटर आलेला असे, त्यावर क्रोशाचं झाकणही आलेलं असे. उणीव फक्त मोडेमची. स्वतःचा अडॅप्टर आणि लुकलुकणारे दिवे असलेला बाहेरचा मोडेम महाग. आत बसवायचं कार्ड त्या मानाने बरंच स्वस्त. घरोघरी अर्थातच कार्ड ठरे. कार्ड ठरलं की कॅबिनेट उघडणं आलं, आणि कॅबिनेट उघडणं आलं की मोडेमभाऊ आला.

हा कुणी एक माणूस नव्हे. भुक्तापुरात एक होता, द्वारकानगरात एक, मावल्याला एक. बेला आणि जैनथ मिळून एकावर भागवत. पोटापाण्याला कुणी जिनिंगमध्ये हिशेब लिहायचा, कुणी विमा विकायचा, कुणी झेडपीच्या शाळेत गणित शिकवायचा. पात्रता मात्र सगळ्यांची सारखी: स्वतःच्या घरच्या मशीनमध्ये एकदा मोडेम बसवला होता आणि तो चालला होता. का चालला, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण न चालण्याचा अनुभव गाठीशी नसल्यामुळे आत्मविश्वास शाबूत होता. घरात मराठी, बाजारात तेलुगू, स्क्रू घ्यायला गेलं की उर्दू आणि पडद्यावर इंग्रजी, असा गावचा रिवाज. पहिल्या तिन्हींत तो पटाईत होता. चौथीतली खिडकी उघडली की मजकुराच्या भानगडीत न पडता तो थेट 'ओके' दाबायचा.

कार्ड आणणं हाही त्याचाच प्रांत. पांढरकवड्यावरून नागपूर, नाहीतर निर्मलवरून हैदराबाद. नागपूर जवळ, पण सिकंदराबादच्या पार्कलेनमधल्या चेनॉय ट्रेड सेंटरचं नाव घेतल्याशिवाय त्याच्या शब्दाला वजन येत नसे. "सीटीसीचा माल हाय काकाजी, डोळे झाकून घ्या." काकाजी डोळे झाकत. पावती मागायची सोय नव्हती. माणूस आपलं काम फुकट करणार आणि आपण त्याच्याकडे पावती मागणार, हे काही बरं दिसत नाही.

आदिलाबादची थंडी तेलंगणात नावाजलेली. राज्यातलं सगळ्यात कमी तापमान पुष्कळदा याच जिल्ह्यात नोंदवलं जातं. त्या थंडीत मोडेमभाऊ लोकरीचा स्वेटर, माकडटोपी आणि प्लास्टिकच्या चपला घालून येई. कोरड्या हवेत लोकर घासली की अंगावर स्थिर वीज साठते, आणि आपल्याला जाणवणारही नाही एवढा तिचा झटका कार्डावरची चिप मारायला पुरतो. हे ज्याला माहीत आहे, त्याला हा वेष बघून भर जानेवारीत घाम फुटला असता. मोडेमभाऊलाही यातलं थोडं ऐकून माहीत होतं. म्हणून तो आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून "अर्थिंग झालं" असं जाहीर करी. मग उठून, सोफ्यावर स्वेटर घासत, निवांत चहा घेई आणि परत येऊन कार्ड हातात धरी.

कॅबिनेट उघडलं की आतून कापूस निघे. जिनिंगच्या गावात हंगामभर हवेत तंतू तरंगतात आणि आतला पंखा ते इमानदारीने ओढून घेतो. "काकू, उशी होते यात एक," असं म्हणून तो तो बोळा काकूंच्या हवाली करी. मग मागची पत्र्याची पट्टी. पकडीने पिळून ती तोडताना आधी शेजारच्या खाचेची तुटे, नंतर हवी ती. जादा पडलेल्या भोकातून पाल आत जाऊ नये म्हणून तिथे मुलाच्या वहीचं पान घडी करून बसवलं जाई. त्याच मुलाचं खोडरबर घेऊन मोडेमभाऊ कार्डाची सोनेरी कड घासायचा. हे मात्र खरोखर उपयोगाचं. त्याने संपर्काच्या पट्ट्यांवरचा मळ निघतो. लांब काळी खाच जुन्या आयएसए कार्डांची, आखूड पांढरी पीसीआयची, हे त्याला रंगावरून पाठ होतं. पांढऱ्या खाचेवर कार्ड टेकवून तो श्वास रोखी, दोन्ही अंगठ्यांनी दाबी, मदरबोर्ड किंचित वाके, खट्ट असा आवाज येई, आणि घरातली सगळी माणसं एकदम श्वास सोडत.

इथवर हातकाम. पुढे ड्रायव्हर. विंडोज ९८ला काहीतरी बसलंय एवढं कळे, पण काय ते कळत नसे. 'पीसीआय कम्युनिकेशन डिव्हाइस' असं मोघम लिहून शेजारी पिवळं प्रश्नचिन्ह ठेवलं जाई. खोक्यावर नाव कुणाचंही असो, ड्रायव्हर ठरे तो चिपवरून: कोनेक्संट, ल्युसेंट की मोटोरोला. ही कार्डं स्वस्त असत, कारण मोडेमची बरीचशी मेहनत त्यांनी कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर ढकललेली असे; नेमका ड्रायव्हर मिळाला नाही तर हातात निव्वळ दोन भोकांचा पत्रा. चिपवरचं नाव वाचायला कार्ड परत काढावं लागलं असतं. मोडेमभाऊ परत काढत नसे. त्याच्याकडे एक सीडी होती, तिच्यावर सगळ्यांचे ड्रायव्हर होते, आणि तो ते ओळीने घालून बघे. दर ड्रायव्हरला मशीन बंद, मशीन चालू. दुसऱ्या ड्रायव्हरपर्यंत पोहे होत. चौथ्याला "आता जेवूनच जा" म्हणावं लागे. पैसे घेत नाही म्हटल्यावर एवढं आलंच.

कार्डाच्या पाठीला दोन सारखी भोकं: एक लाईनचं, एक फोनचं. तार हटकून फोनच्या भोकात जाई आणि 'डायल टोन नाही' असं मशीन सांगे. मोडेमभाऊ स्वयंपाकघरातला पॅरलल फोन उचलून सगळ्यांना ऐकवी: "हे काय, टोन येऊन राह्यला नं! मशीनच बहिरं हाय!" भोकं बदलल्यावरही कधी कधी तेच. परदेशी टोन ऐकायच्या सवयीच्या मोडेमला आपल्याकडचा टोन ओळखूच येत नसे. मग तो त्याची गुप्त विद्या बाहेर काढी. 'डायल करण्यापूर्वी टोनची वाट पाहा' या चौकोनातली खूण पुसून टाकायची. कुणाचं न ऐकता पुढे जा, हा स्वतःच्या आयुष्याचा मंत्र त्याने मोडेमला दिला, आणि गंमत म्हणजे तो लागू पडला.

मग तो आवाज. शिट्टी, किर्र, खरखर, किंचाळी. घर गोळा होई. मोडेमभाऊ नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा डोळे मिटून ऐके. "आता हा विचारून राह्यला... आता तो सांगून राह्यला." आजी म्हणे, "भांडून राह्यले का रे दोघं?" दोघांचंही बरोबर होतं. किती वेगाने बोलायचं आणि चुका कशा सुधारायच्या, याची घासाघीस दोन्हीकडचे मोडेम त्या गोंगाटातच उरकतात.

जोडणी झाली की पडद्याच्या कोपऱ्यात वेग दिसे. १९९८ च्या व्ही.९० मानकाचं कार्ड म्हणजे वरून ५६ के छापलेलं. जुन्या तारेवर तीस-चाळीस मिळाले तरी नशीब. पण काही ड्रायव्हर तारेवरचा वेग सांगतच नसत. कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्या आपसातल्या बोलण्याचा वेग दाखवत: १,१५,२००. याहूचं पान डोक्याकडून पायाकडे पट्टी-पट्टीने उतरत असताना मोडेमभाऊ त्या आकड्यावर बोट ठेवी. "छप्पनचा मोडेम, एक लाख पंधरा हजारावर पळवला! नागपुरात तरी हाय का?" दुसऱ्या दिवशी शिवाजी चौकात हीच चर्चा. ज्यांच्याकडे आकडा खरा दिसत होता, ते आपलं मशीन बिघडलं म्हणून त्यालाच बोलवायला येत.

मग घराला नवी शिस्त लागे. फोनचं मीटर आणि इंटरनेटचे तास एकदम पळत. स्वयंपाकघरात कुणी रिसीव्हर उचलला की उतरत आलेलं पान तुटे. किनवटच्या सोयऱ्यांना तीन दिवस फोन लागत नसे आणि चौथ्या दिवशी ते खुशाली विचारायला स्वतः गाडीत बसून येत. एमसेटच्या निकालाच्या दिवशी मात्र त्या घराचा मान गावात सगळ्यात मोठा. अंगणात हॉलतिकिटं घेऊन रांग, आणि खुर्चीत अर्थातच मोडेमभाऊ.

मृग निघे, पहिला गडगडाट होई, टेलिफोनच्या तारेतून विजेचा झटका येई आणि तो पहिला मोडेम खाई. भूक उरली तर मदरबोर्डही. सकाळी मोडेमभाऊ येऊन कार्ड हुंगे आणि निकाल देई: "अयिपोयिंदी." संपलं. वर म्हणे, "मी तं सांगतलं होतं नं काकाजी, ढग आले का तार काढत जा म्हून." असं सांगितल्याचं घरात कुणालाच आठवत नसे. पण ज्याने एक पैसा घेतला नाही, त्याला खोटं पाडायचं कोणत्या तोंडाने? दुकानदार असता तर भांडलो असतो, पैसे परत मागितले असते, चार लोक मध्ये घातले असते. इथे काकाजी मुकाट्याने दुसऱ्या कार्डाचे पैसे काढत आणि काकू पोहे भिजवायला घेत.

२००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं आणि हळूहळू ते किंचाळणं बंद झालं. २०१४ ला राज्य बदललं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि ऑक्टोबरात आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. मोडेमभाऊच्या सवयीत फरक नाही. हल्ली तो राउटरच्या मागे हात घालतो, टीव्हीला वायफाय जोडून देतो, लाल दिवा दिसला की "लाईनीचं लफडं हाय" म्हणतो. पैसे अजूनही घेत नाही.

त्याचं एक देणं मान्य केलं पाहिजे. एका स्वस्त कार्डासाठी हैदराबादेहून सुमारे तीनशे किलोमीटर कुणी इंजिनिअर आला नसता. गाव इंटरनेटवर आलं ते याच्या पकडीमुळे आणि खोडरबरामुळे. म्हणून तुमच्या गल्लीतल्या मोडेमभाऊला खुशाल बोलवा, पोहेही करा. पण काम झालं की त्याच्या खिशात बळेबळे दोनशे रुपये कोंबा. उपकार फेडायला नव्हे. पुढच्या पावसाळ्यात त्याला जाब विचारता यावा म्हणून.