बुडावरच्या शिक्क्यावर विश्वास नसलेला माणूस

अमेरिकेतल्या कुठल्याही गन-शोला जा, बंदुकांची गर्दी ओलांडून मागच्या कोपऱ्यात पोचलात की हा गृहस्थ भेटणारच. याच्या टेबलावर बंदूक एकही नसते. व्हर्नियर, भिंग, काडतुसांचे खोके आणि पाने सुटलेले 'कार्ट्रिजेस ऑफ द वर्ल्ड'. हत्ती लोळवणाऱ्या काडतुसांवर तासन्‌तास बोलणाऱ्या या माणसाने उभ्या जन्मात ससाही मारलेला नसतो.

कुणीतरी आजोबांच्या डब्यात सापडलेले एक दांडगे काडतूस घेऊन येतो. बुडावर स्वच्छ कोरलेले असते, '.३७५ एच अँड एच मॅग्नम'. तुम्हीआम्ही तिथेच थांबलो असतो.

"बूड काय, वाट्टेल ते सांगेल!" हा म्हणतो.

आणि खरेच आहे ते. कुणी हौशी कारागीर तयार पुंगळी घेतो, तिची मान रुंदावतो, खांदा सरकवतो आणि स्वतःचे नवे वाण काढतो. हेच ते वाइल्डकॅट. शिक्का मात्र मूळ कारखान्याचाच राहतो. म्हणून हा मान मोजतो, बुडाजवळचा पट्टा चाचपतो, मुलीकडच्यांनी धाडलेली पत्रिका तपासणाऱ्या गुरुजींच्या संशयाने.

नावांवरही त्याचा राग. .४६० वेदरबीची गोळी प्रत्यक्षात .४५८ इंचाची, .४०४ जेफ्रीची .४२३ची. "सगळी जातच खोटारडी," हे तो अगदी लाडाने म्हणतो.

समोरचा भारतीय निघाला तर मग सुटका नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५०ची काडतुसे आणायला बंदी घातली. बंडखोर ती मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी वापरतील अशी धास्ती. विलायती बंदूकवाल्यांनी कायदा पाळला आणि .४६५, .४७०, .४७६ अशी भावंडे पुढे केली. "तुमच्या लोकांच्या धाकाने माझे तीन खोके भरले!" असे म्हणत तो आपला हात गदगदा हलवतो. आपण तिथे फक्त स्वच्छतागृह शोधत आलेलो असतो.

त्याचे वैर एकाशीच, शेजारच्या टेबलवाल्याशी. .४५८ विंचेस्टर रानरेड्यापुढे कमी पडते हे शिकारी जॅक लॉटने अंगावर अनुभवले, आणि १९७१मध्ये .४५८ लॉट काढले. त्याची पुंगळी २.८ इंच. जुन्या .४५० वॉट्सची २.८५. आता कुणी वॉट्सचे तोंड जरासे छाटले असेल तर ते काय म्हणायचे? या पाच शतांश इंचापायी दोघांचे बोलणे बंद आहे. कारखान्याने एखादे वाइल्डकॅट रीतसर काढायला घेतले, योग्य शिक्क्यानिशी, की मात्र दोघेही सारखेच हिरमुसतात.

डबेवाला अजून उभाच असतो. "मग हे आहे तरी काय?"

"ते शेवटी," हा खुर्ची पुढे सरकवतो. "आधी काय काय नाही ते सांगतो."