गच्चीवरील उष्णोदक महाराजांस अनावृत पत्र

श्रीमंत उष्णोदक महाराज, वास्तव्य सौर टाकी, गच्ची, मौजे वाकड, यांचे सेवेशी अकराव्या मजल्यावरील रहिवाशाचे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

दिवाळीपासून आपली स्वारी आमच्या न्हाणीघरात करंगळीएवढ्या धारेने येत होती. याबद्दल तक्रार करण्याचा आमचा इरादा नाही. कारण ज्या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून पवनेचे पाणीच दिवसाआड सोडले जाऊ लागले, तेथे आपण रोज दर्शन देता हा आपला मोठेपणाच म्हटला पाहिजे. मात्र आपल्या मंदगतीची जी तहकीकात सोसायटीच्या कमिटीने आरंभिली, तिची कैफियत आपल्या कानी घालणे अगत्याचे वाटते.

पहिल्या बैठकीत सूर्यनारायण दोषी ठरले. पाणी चांगले कढत येते, फक्त कमी येते, एवढी क्षुल्लक बाब इतिवृत्तात नोंदवायची राहून गेल्यामुळे, काचेच्या नळ्या पुसून घेण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. दुसऱ्या बैठकीत तिसऱ्या मजल्यावरील एका सद्गृहस्थांनी ‘आमच्याकडे तर धो धो येतं’ अशी साक्ष दिली आणि आमची फिर्यादच निकालात निघाली. दहा मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे एक बार दाब मिळतो. आमच्या नळावर जेमतेम तीन मीटरांचा भार आणि त्यांच्या नळावर सत्तावीस मीटरांचा, हा हिशेब मी मांडू पाहिला, तेव्हा अध्यक्षांनी विषय तांत्रिक असल्याचे सांगून चहा मागवला. तिसऱ्या बैठकीत मोठ्या पंपाची दरखास्त आली, तीन कोटेशने रीतसर मागविली गेली, आणि आगाऊ रक्कमही रवाना झाली.

दरम्यान एक वयस्क प्लंबर दुसऱ्याच कामासाठी आला होता. त्याने आमचा थंड पाण्याचा नळ सोडला, धार पाहिली. मग गरम सोडला, धार पाहिली. दोन्ही न्हाणीघरांत फक्त गरम पाण्याचीच धार बारीक आढळताच ‘मिक्सरचा दोष नाही, लाइन बघावी लागेल’ एवढेच बोलून तो गच्चीवर गेला. पाणी संपलेल्या दिवशी लाइनीत हवा अडकली असेल म्हणून त्याने प्रथम हवेची नळी तपासली; ती मोकळी होती. मग टाकीखालचा वॉल्व्ह बंद करून त्याने पान्याने गाळणीचे बूच उघडले. आतील जाळी पांढऱ्या, खरखरीत कवचाने अशी लिंपली गेली होती की तिची छिद्रे शोधावी लागत.

महाराज, हा आपलाच प्रताप. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, पण टँकर-बोअरच्या जड पाण्यातला चुना उलट्या स्वभावाचा. पाणी तापले की कर्बवायू निघून जातो आणि चुना जागा सापडेल तेथे ठाण मांडतो. नळीचा व्यास निम्मा झाला की, दाब तोच असता, प्रवाह निम्मा नव्हे, सहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. अशा बंद वाटेपुढे थोरला पंप बसवून काय साधणार होते, हे कमिटीलाच ठाऊक.

जाळी सौम्य आम्लात धुतल्यावर आपण पूर्ववत अवतरलात. प्लंबरचे तीनशे रुपयांचे बिल मात्र, त्याने आधी कोटेशन दिले नव्हते या कारणास्तव, सोसायटीच्या कचेरीत तुंबले आहे. पंप येत्या सोमवारी बसेल; नारळ वाढवण्याचा मान तिसऱ्या मजल्यावरील सद्गृहस्थांना दिला आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.