‘काहीही’ नावाची भाजी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांना आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वे दिली. अठरावे आमच्या घरी फार आधीपासून पाळले जाते. “आज भाजी काय करू?” या प्रश्नाला सगळ्यांचे एकमुखाने उत्तर: “काहीही कर.” या ‘काहीही’त दोडका बसत नाही, पडवळ बसत नाही आणि मेथी तर कालच झालेली असते.

पूर्वजांनी ताटाची डावी बाजू चटणी-कोशिंबिरीला, उजवी भाजी-आमटीला देऊन समतोल साधला. आम्ही डावीकडे मोबाइल वाढून घेतला. रात्री दहाला फ्रीज उघडून सगळे विचारतात, “खायला काही आहे का?”

दोडक्याच्या शिरांची चटणी आहे. पण ती ‘काही’तही मोडत नाही.