नकाशात गिरणी नाही

खारघरला राहायला आलो तेव्हा लालबागच्या नातेवाइकांना मी छाती फुगवून सांगत असे, "आमच्याकडे सगळं प्लॅन्ड आहे." रस्ता प्लॅन्ड, पदपथ प्लॅन्ड, पदपथावरचं झाडही प्लॅन्ड. गोल्फचं मैदान आहे, सेंट्रल पार्क आहे, पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा आहे आणि तिकडे जाऊ नका असं सांगणारा पोलीस आहे. पहिला महिना असा हवेत गेला. मग घरातलं पीठ संपलं.

दळणाचा डबा घेऊन खाली उतरलो. इमारतीखाली अकरा दुकानं. सहा इस्टेट एजंटांची, दोन औषधांची, एक केकचं, एक कुत्र्यांचे केस कापण्याचं आणि एकाला कुलूप. पहिल्या एजंटाने डबा न बघता विचारलं, "टू बीएचके की थ्री?"

"गिरणी कुठे आहे?"

"तो प्रोजेक्ट सोल्ड आउट झाला साहेब. पण त्याच्यासारखाच दुसरा दाखवतो."

शेवटी आमच्या वॉचमनने मान वळवून खूण केली. "गावात जा."

सेक्टरच्या पाठीमागे गाव होतं. पदपथ जिथे अचानक थांबतो तिथून ते सुरू होतं. गिरणी होती. शिंपी होता, पंक्चर काढणारा होता, कुकरची रिंग बदलून देणारा होता, सुकट-बोंबील घेऊन बसलेली मावशी होती. आमच्या घरी झाडूपोछ्याला येणाऱ्या बाई तिथेच भाड्याने राहत होत्या. थोडक्यात, आमचं नियोजित नगर ज्याच्यावर चालतं ते सगळं त्या चिंचोळ्या गल्लीत कोंबून ठेवलेलं होतं. गिरणीत पांढऱ्या भुवयांचे एक काका बसले होते. भुवया मुळात पांढऱ्या की पिठाने, ते आजही कळलेलं नाही.

तसं बघितलं तर नवी मुंबईच्या जन्मापासूनच असं चाललंय. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. ते उभारायला १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ आलं. ३४४ चौरस किलोमीटर जागा आणि ९५ गावं. सरकारी कारभारच इकडे हलवायचा, म्हणजे त्याच्यामागे माणसं येतील, असा मूळ हिशेब. हिशेब चोख होता. फक्त मंत्रालयाने समुद्र सोडला नाही. कांदे-बटाटे मात्र आज्ञाधारकपणे वाशीला आले. बेलापूरला कोकण भवन मिळालं, त्यावर समाधान मानावं.

गावं मात्र कुठे जायची होती? भातशेती गेली, मिठागरं गेली, गावठाणं उरली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमीन गेलेल्यांनी केलेल्या आंदोलनात जासईच्या बाजूला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: जेवढी जमीन गेली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. याच्यावर विनोद करायचा नाही, म्हणून पुढे जातो.

पुढे म्हणजे मेट्रो. बेलापूर ते पेंधर, ११ किलोमीटर. काम २०११ मध्ये सुरू झालं, गाडी १७ नोव्हेंबर २०२३ ला धावली. काम निघालं तेव्हा जन्मलेलं पोर पहिल्या गाडीत बसलं ते सातवीचं दप्तर घेऊन. इतकी वर्षं वाट बघून शेवटी ती समारंभाशिवायच सुरू झाली, जणू घरचा विरोध असलेलं लग्न. पण मला खरी मजा वाटली ती स्थानकांच्या नावांची. आमच्या पत्त्यात सेक्टर, प्लॉट, विंग, फ्लॅट असे चार आकडे. स्टेशनांना नाव द्यायची वेळ आली तेव्हा कोण आठवलं? बेलपाडा, पेठपाडा, पेंधर. गाव नकाशात अडचण असतं, पाटीवर मात्र शोभतं.

तर आता मूळ मुद्दा. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. विषय क्रमांक चार: 'गावातून येणाऱ्या अनधिकृत व्यक्तींना गेटवर प्रतिबंध.' दळणाचे डबे पोचवणाऱ्या पोरामुळे लिफ्टमध्ये पीठ सांडतं, अशी तक्रार होती. एका सभासदाने 'टाउनशिपची प्रतिमा' या विषयावर वीस मिनिटं भाषण केलं. त्यांच्या घरी त्या दिवशी ज्वारीची भाकरी होती, हे मला माहीत होतं. दळण आम्ही एकाच पोराकडे दिलं होतं.

ठराव मतास टाकण्यापूर्वी सेक्रेटरींनी हजेरीची वही फिरवली. मागच्या रांगेत कोणीतरी सही करत होतं आणि सही बराच वेळ चालली होती. एकच माणूस तीन ठिकाणी सही करत होता. पांढऱ्या भुवया.

"काका, तुम्ही इथे?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"माझाच प्लॉट हाय ना ह्यो. साडेबाराचा. बिल्डरनी तीन फ्लॅट दिले." वही पुढे सरकवून ते म्हणाले, "तुम्ही ज्याच्यात राहता तो भाड्याचा की इकत?"

"विकत," मी म्हणालो आणि पंचवीस वर्षांच्या हप्त्यांमुळे आवाज जरा बसलाच.

सेक्रेटरींनी वही पाहिली. मेन्टेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीत शोधलं; काकांचं नाव नव्हतं, भाषण देणाऱ्यांचं होतं. मग चष्मा पुसून त्यांनी जाहीर केलं की विषय क्रमांक चार वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलण्यात येत आहे. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. वडापावची ऑर्डर यायची होती.

ती गावातूनच यायची होती. गेटवर पोराला कोणीतरी अडवून ठेवलं होतं. काका उठून आणायला गेले.